पाण्याच्या चक्राचे गणित मांडणारे ऑयलर

हृदयाच्या शस्त्रक्रियेत किंवा ‘एक्मो’ यंत्रावर ठेवलेल्या रुग्णात रक्त शरीराबाहेरून फिरवायला हल्ली अनेक ठिकाणी अपकेंद्री पंप वापरतात. छोटे चक्र मिनिटाला काही हजार फेरे घेते; रक्त मधून आत शिरते आणि कडेने जोराने बाहेर पडते. विहिरीवरचा विजेचा पंपही याच तत्त्वावर चालतो. असे चक्र किती दाब देईल, त्याच्या पात्यांना बाक किती हवा, हा हिशेब ज्या समीकरणापासून सुरू होतो ते लिओनार्ड ऑयलर यांचे.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेलचा. वडील धर्मोपदेशक, मुलानेही तेच करावे ही त्यांची इच्छा. रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत त्यांना पहिली जागा देऊ केली गेली ती मात्र शरीरक्रियाशास्त्राची! नोकरीसाठी या तरुणाने थोडे वैद्यकही शिकून घेतले. १७२७ मध्ये तिथे पोहोचल्यावर सुदैवाने गणिताचे काम मिळाले.

१७३५ मध्ये त्यांना जिवावरचा ताप आला आणि पुढे तीन वर्षांत उजवा डोळा गेला. ऑयलर दोष देत नकाशांच्या बारीक कामाला. आजच्या डॉक्टरांना जंतुसंसर्गाची शक्यता अधिक वाटते, आणि ते पटण्यासारखे आहे. बारीक कामाने डोळे शिणतात, जात नाहीत.

१७४१ मध्ये ते बर्लिनला गेले. तिथे असताना योहान सेग्नर यांचे पाणचक्र त्यांच्या अभ्यासात आले. सेग्नर मुळात वैद्य. शेतातल्या तुषार संचाचा फवारा पाणी उडवत उलट दिशेने फिरतो, तसेच हे चक्र. ऑयलर यांनी त्यातले मर्म पकडले : चक्रात शिरताना पाण्याला असलेली गिरकी आणि बाहेर पडताना उरलेली गिरकी, यांतला फरक म्हणजेच चक्राला मिळालेला जोर. म्हणून पाणी पात्यांवर न आदळता अलगद शिरावे आणि जाताना त्यात गिरकी उरू नये. यासाठी १७५४ मध्ये त्यांनी चक्राच्या वर पाण्याला दिशा देणारा स्थिर भाग सुचवला. जवळजवळ १९० वर्षांनी, १९४४ च्या सुमारास, झुरिचमध्ये त्या आराखड्यावरून चक्र बनवून पाहिले, तर कार्यक्षमता सुमारे ७१ टक्के भरली.

रक्ताच्या पंपात हे ‘न आदळणे’ फारच महत्त्वाचे. रक्त आपटले, घुसळले गेले की तांबड्या पेशी फुटतात.

धमन्यांतील रक्तप्रवाहावरही ऑयलर यांनी लिहिले. लवचीक नळी, ठोक्यागणिक बदलणारा दाब. समीकरणे मांडून झाली, पण ती सोडवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे असे सांगून ते थांबले. ते लिखाण छापले गेले १८६२ मध्ये. समीकरणे मात्र योग्य होती. नाडीच्या लहरींचा अभ्यास आजही तिथूनच सुरू होतो.

१७६६ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला परतले, तेव्हा डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसले. मग डोळ्यात संसर्ग झाला, असह्य वेदना झाल्या आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. जंतू ठाऊक नव्हते, शस्त्रे निर्जंतुक करण्याची कल्पनाही नव्हती. त्या काळी असे अनेकांचे झाले. ऑयलर तोंडाने सांगत, मुलगे आणि सहकारी लिहून घेत. त्यांच्या एकूण लेखनापैकी जवळजवळ निम्मे दृष्टी गेल्यानंतरच्या या वर्षांतले आहे.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी त्यांनी नातवंडाला गणित शिकवले, फ्रान्समध्ये नुकत्याच उडालेल्या बलूनचे गणित पाहिले, जेवताना नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेविषयी बोलले. संध्याकाळी पाचच्या सुमारास मेंदूत रक्तस्राव झाला. त्या रात्री त्यांचे निधन झाले. पाटीवर बलूनची आकडेमोड तशीच होती.