डॉ. विल्यम लॅड : लहानग्यांचे शस्त्रवैद्य

थोर वैद्यांची नावे विचारली असता आमच्या शाळेतील कोणताही विद्यार्थी जेन्नर, पाश्चर, लिस्टर ही नावे चटकन घेईल, आणि त्यांच्या जोडीला डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव अभिमानाने सांगेल. डॉ. विल्यम एडवर्ड्स लॅड हे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी ऐकले असेल. शस्त्रवैद्यांच्या जगात ते सर्वतोमुखी आहे. तान्ह्या मुलांवर शस्त्रक्रिया करणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती स्वतंत्रपणे शिकली व शिकविली गेली पाहिजे, ही गोष्ट ज्या मोजक्या माणसांनी जगाच्या गळी उतरविली, त्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

विल्यम लॅड यांचा जन्म ८ सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टन शहरानजीकच्या मिल्टन या गावी झाला. हार्वर्ड विद्यापीठात शिकत असता ते तेथील नौकाशर्यतींत भाग घेत. १९०२ मध्ये पदवी आणि १९०६ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते बोस्टनमध्येच शस्त्रवैद्य म्हणून काम करू लागले. १९१० पासून शहरातील मुलांच्या रुग्णालयात त्यांचे जाणेयेणे सुरू झाले.

जाणेयेणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. त्या काळी मुलांचा शस्त्रवैद्य असा कोणी नसेच. मोठ्या माणसांवर शस्त्रक्रिया करणारे वैद्य सवडीनुसार मुलांच्या रुग्णालयात येत, आणि जी हत्यारे व जी रीत मोठ्यांसाठी वापरत तीच मुलांसाठी वापरत. परिणाम व्हावयाचा तोच होई. मोठ्या माणसाचे माप लहान केले की मूल होत नाही. तीन किलो वजनाच्या नवजात अर्भकाच्या अंगात सारे मिळून सुमारे अडीचशे मिलिलिटर रक्त असते, म्हणजे चहाचे दोन कप भरतील इतके. मोठ्या माणसाच्या शस्त्रक्रियेत जे रक्त सांडले तरी कोणी मोजत नाही, तेवढ्याने तान्हे मूल दगावू शकते. उघड्या अंगाने ठेवले तर ते पाहता पाहता गारठते. भूल किती द्यावी, पाणी किती द्यावे, याचे हिशेबच निराळे. शिवाय कोठे दुखते हे त्याला सांगता येत नाही. ते केवळ रडते, आणि फार आजारी असले तर रडतही नाही.

हे सारे कोठे शिकावे, असा प्रश्न त्या वेळच्या एखाद्या तरुण वैद्याने केला असता तर त्याला उत्तर मिळाले नसते, कारण तशी शाळाच नव्हती. लॅड यांनाही ती कोणी दिली नाही. ते रोग्यांच्या खाटेशी शिकले. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून बसतो, जशी दुर्बिणीची एक नळी दुसरीत मिटावी. लहान मुलांच्या या जीवघेण्या विकाराकडे त्यांनी आरंभापासून लक्ष दिले. १९१३ सालीच त्यांनी अशा आतड्याचे क्ष-किरणांनी घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध केले होते.

मग १९१७ साल उजाडले. त्या वर्षी ६ डिसेंबरला कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेले एक फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून पेटले आणि त्याचा प्रचंड स्फोट झाला. सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली व नऊ हजारांच्या आसपास जखमी झाली. जळते जहाज पाहण्यासाठी लोक घरोघर खिडक्यांपाशी उभे होते, त्यांत मुलेही होती. तावदाने फुटून काचा त्यांच्या डोळ्यांत गेल्या. दुसऱ्याच दिवशी हिमवादळ सुटले. बोस्टनहून मदतीची पथके धावली, त्यांपैकी एकाचे नेतृत्व सदतीस वर्षांच्या लॅड यांच्याकडे होते. तेथील एका महाविद्यालयाच्या इमारतीत रुग्णालय उभारून त्यांनी सुमारे महिनाभर काम केले.

हॅलिफॅक्सची ती जखमी मुले पाहून लॅड यांचे मन पालटले आणि त्यांनी पुढील आयुष्य मुलांना वाहिले, अशी कथा शस्त्रवैद्यांच्या पिढ्यांनी एकमेकांना सांगितली आहे. कथा सुंदर आहे. परंतु तिच्यावर सर्वस्वी भिस्त ठेवावी असे आम्हांस वाटत नाही. मुलांच्या रुग्णालयाशी त्यांचा संबंध त्यापूर्वी सात वर्षांचा होता, आणि इतर रोगी सोडून केवळ मुलांचेच काम पाहावयाचे असे ठरण्यास हॅलिफॅक्सनंतरही बराच काळ जावा लागला. माणसाचे मन एका दिवसात पालटण्यापेक्षा हळूहळू वळते, हेच अधिक खरे असावे. हॅलिफॅक्सने त्या वळणाला जोर दिला असेल, इतके आम्ही मान्य करतो. मदतीची आठवण म्हणून हॅलिफॅक्सच्या नोव्हा स्कोशिया प्रांताने १९१८ मध्ये बोस्टनला नाताळाचे झाड पाठविले होते, आणि १९७१ पासून दरवर्षी असे झाड तेथे जाते.

१९२७ मध्ये लॅड हे बोस्टनच्या त्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या नावाने आजही जगभर केली जाणारी शस्त्रक्रिया याच काळातील आहे, आणि तिची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. गर्भात बाळाचे आतडे वाढताना स्वतःभोवती वळत वळत पोटात आपल्या जागी बसते. काही बाळांत हे वळण अर्धवट राहते. मग सारे आतडे एका अरुंद देठावर लोंबकळत राहते, आणि केव्हातरी पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटतो. बाळाला हिरवी उलटी होते. तान्ह्या बाळाची हिरवी उलटी ही वैद्याने एक घटकाही दुर्लक्षू नये अशी खूण आहे. लॅड यांच्या पूर्वीचे वैद्य पीळ सोडवीत आणि पोट शिवून टाकीत. तरीही कित्येक मुलांच्या उलट्या थांबत नसत. लॅड यांनी बारकाईने पाहिले तेव्हा त्यांना आतड्याच्या आरंभीच्या भागावरून आडवे गेलेले, त्याला आवळणारे पडदे दिसले. पीळ सोडविण्याबरोबर हे पडदेही कापले पाहिजेत, असे त्यांनी १९३६ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. आतडे निसर्गाने नेमलेल्या जागी बसविण्याचा हट्टही त्यांनी सोडला. लहान आतडे उजवीकडे व मोठे डावीकडे मोकळे ठेवले म्हणजे देठ रुंदावतो आणि पुन्हा पीळ पडण्याची भीती कमी होते. ते पडदे आज लॅड यांच्याच नावाने ओळखले जातात.

परंतु एका माणसाच्या हाताने किती मुले वाचणार? आमच्या मते लॅड यांचे मोठेपण येथून पुढे सुरू होते. त्यांनी आपल्या विभागात तरुण शस्त्रवैद्यांना राहून शिकण्याची सोय केली. सर्वसाधारण शस्त्रक्रिया शिकलेला तरुण तेथे येई, रात्रंदिवस रुग्णालयातच असे, प्रमुखांच्या शेजारी उभा राहून आधी पाही, मग मदत करी आणि हळूहळू स्वतः हाती सुरी घेई. अमेरिकेत मुलांच्या शस्त्रवैद्यांचे रीतसर शिक्षण येथून सुरू झाले असे मानतात.

या शिष्यांत रॉबर्ट ग्रॉस हे सर्वांत तेजस्वी होते आणि गुरूला सर्वांत जड गेले तेही तेच. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर आपोआप मिटावयास हवी. ती काही मुलांत उघडीच राहते. ती बांधून टाकता येईल असे ग्रॉस यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर तसा सराव केला. लॅड यांना हे धाडस मान्य नव्हते असे सांगतात. १९३८ च्या ऑगस्ट महिन्यात लॅड सुटीवर गेले असता ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीवर ती शस्त्रक्रिया केली. मुलगी वाचली, आणि ग्रॉस यांचे नाव जगभर झाले. गुरुशिष्यांत जी तेढ आली ती पुढे पुरती मिटली नाही. कोणाचे चुकले? शिष्याने आज्ञा मोडली हे खरे. पण गुरूनेच त्याला धीट हात दिले होते, हेही खरे. दोघांनी मिळून मुलांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध केला, तो पुष्कळ वर्षे या विद्येचा पाठ्यग्रंथ होता. मनात तेढ असूनही एका ग्रंथावर दोन नावे शेजारी छापली गेली, हे आम्हांस विशेष वाटते.

१९३९ मध्ये लॅड यांनी आणखी एक असाध्य गोष्ट साधली. अन्ननलिका मध्येच तुटलेली घेऊन जन्मलेले मूल तोवर वाचतच नसे. लॅड यांनी अशा एका मुलीवर टप्प्याटप्प्याने अनेक शस्त्रक्रिया केल्या. आधी पोटात नळी बसवून तिला दूध दिले आणि पुढे अन्नासाठी नवा मार्ग तयार केला. त्याच सुमारास मिनेसोटा राज्यात डॉ. लेव्हन यांनीही असेच एक मूल वाचविले. दोन वर्षांनी डॉ. कॅमेरॉन हाइट यांनी तुटलेली टोके एकाच वेळी जोडून दाखविली.

१९४१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मुलांच्या शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापकपद लॅड यांच्या नावाने निर्माण झाले. १९४५ मध्ये ते निवृत्त झाले, आणि काही काळाने त्यांच्या जागेवर आले ते ग्रॉसच. शिकावयास येणाऱ्यांची रीघ चालूच राहिली. फिलाडेल्फियाचे डॉ. एव्हरेट कूप हे १९४६ मध्ये याच रुग्णालयात शिकून गेले आणि त्यांनी आपल्या गावी अशीच शाळा उभी केली. तरीही सर्वसाधारण शस्त्रवैद्यांचा विरोध होता. मुलांसाठी निराळा वैद्य कशाला, असे त्यांचे म्हणणे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या बालवैद्यकांच्या संस्थेने शस्त्रवैद्यांची शाखा काढून त्यांना घर दिले. या विद्येची स्वतंत्र परीक्षा व प्रमाणपत्र मात्र तेथे १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले. लॅड ते पाहण्यास नव्हते. १५ एप्रिल १९६७ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हा सारा वृत्तांत दूरदेशीचा असला तरी त्याची एक शाखा आपल्यापर्यंत आली आहे. लॅड प्रमुख झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये मुंबईत परळ येथे केवळ मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय सुरू झाले. भारतीय बालशस्त्रवैद्यांची संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली, तेव्हा लॅड हयात होते. मराठी वाचकांस परिचित असलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख याही याच विद्येच्या. अहमदनगरला जन्मलेल्या या बालशस्त्रवैद्य मुंबईच्या शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या आणि १९९५ ते २००० या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

देडतलाईसारख्या, मेळघाटाच्या सीमेलगतच्या गावातून हिरवी उलटी करणारे तान्हे मूल घेऊन आईबाप निघाले, तर त्यांची वाट आधी बुऱ्हाणपूरची असते आणि पुष्कळदा तेथून पुढे इंदूरची किंवा मुंबईची. आतड्याचा पीळ तितका वेळ थांबेलच असे नाही. असा वैद्य जवळ असावा तर तो आधी कोठेतरी घडावा लागतो, आणि हे शिक्षण किती लांबचे आहे हे नववी-दहावीतल्या मुलामुलींनी आजच जाणून घ्यावे म्हणून येथे देत आहोत. प्रथम एम.बी.बी.एस., रुग्णालयातील एक वर्षाच्या उमेदवारीसह साडेपाच वर्षे. नंतर सर्वसाधारण शस्त्रवैद्यकाची एम.एस. ही पदवी, तीन वर्षे. त्यानंतर पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन बालशस्त्रवैद्यकाची एम.सीएच., आणखी तीन वर्षे. काही ठिकाणी एम.बी.बी.एस. झाल्यावर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही घेता येतो. कोणत्याही वाटेने गेले तरी बारावीनंतर साडेअकरा वर्षे लागतात, आणि त्यांतील बहुतेक वर्षे लॅड यांनी घालून दिलेल्या रीतीनेच, रुग्णालयात राहून काढावी लागतात.