सेनापती बापट : मावळ्यांच्या वडिलार्जित भूमीसाठी झुंजलेले सत्याग्रही

पुणे : पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी कोणत्याही सरकारने अथवा संस्थेने दिली नव्हती. धरणासाठी आपल्या गावांतून उठवल्या जाणाऱ्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांच्या लढ्याचे त्यांनी नेतृत्व केले आणि लोकांनी त्यांना त्या नावाने ओळखण्यास प्रारंभ केला. तो लढा अयशस्वी ठरला, गावे पाण्याखाली गेली. मात्र मूळ रहिवाशांच्या जमिनीवरील हक्काचा जो प्रश्न त्या लढ्याने उपस्थित केला, तो आजही सुटलेला नाही.

बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची, परंतु बुद्धी तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील शिक्षणानंतर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी एडिंबरोला गेले. तेथे ब्रिटिश राजवटीवर टीका करणारे भाषण केल्यामुळे ती शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे लंडनच्या इंडिया हाउसमधील क्रांतिकारकांशी त्यांचा निकट संबंध आला. पॅरिसमध्ये त्यांनी हेमचंद्र दास यांच्यासमवेत बॉम्ब तयार करण्याची विद्या मिळवली आणि ती घेऊन ते भारतात परतले. १९०८ च्या माणिकतळा बॉम्ब प्रकरणात त्यांचे नाव पुढे आले आणि त्यांना अज्ञातवासात जावे लागले. १९१२ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९१५ मध्ये त्यांची सुटका झाली.

सुटकेनंतरचे बापट हे बॉम्बविद्या शिकून आलेल्या तरुणापेक्षा वेगळे होते. पारनेरला हाती झाडू घेऊन ते रस्ते स्वच्छ करू लागले आणि सार्वजनिक सफाईचे हे व्रत त्यांनी पुढेही सोडले नाही. पुण्यात त्यांनी वृत्तपत्रांत लेखन केले, मुंबईत सफाई कामगारांच्या संपाला साथ दिली आणि अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी मोहीम चालवली. याच काळात मुळशीचा प्रश्न त्यांच्यासमोर आला.

पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधण्याची योजना टाटांच्या वीज कंपनीने आखली होती. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवायचे, बोगद्यातून घाटाच्या पश्चिम उतारावर न्यायचे आणि कोकणातील भिरा येथे खाली सोडून त्यापासून वीज निर्माण करायची, अशी ही योजना होती. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला ही वीज हवी होती. त्यासाठी सुमारे पन्नास गावे आणि दहा हजारांहून अधिक माणसे विस्थापित होणार होती. आंबेमोहोर तांदळासाठी नावाजलेली भातखाचरे बुडणार होती. शिवकालापासून याच खोऱ्यांत नांदत आलेल्या मावळ्यांची ही भूमी होती. सभोवतालच्या डोंगरांत कातकरी आणि महादेव कोळी समाजाची वस्ती होती आणि आजही आहे.

सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला. खासगी कंपनीच्या प्रकल्पाला सार्वजनिक हिताचे रूप देऊन जमिनी ताब्यात घेण्याचे काम सुरू झाले. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना संघटित केले. बापट या लढ्यात उतरले आणि त्याचे अग्रणी झाले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १,२०० मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम बंद पडले. महात्मा गांधींनीही त्या वेळी आपल्या लेखणीतून मावळ्यांची बाजू मांडली. महिनाभरानंतर कंपनीने काम काही काळ स्थगित ठेवण्याचे मान्य केले. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले. त्यानंतर अटकांचे सत्र चालू झाले. पुरुषांबरोबर स्त्रियाही तुरुंगात गेल्या.

लढ्याला खरा तडा गेला तो आतून. मुळशीतील बरीचशी जमीन कर्जापोटी पुण्यातील सावकारांच्या नावे झालेली होती. पिढ्यान्‌पिढ्या ती कसणारा मावळा कागदोपत्री केवळ कूळ होता. भरपाईचा दर वाढताच सावकारांना तडजोड सोयीची वाटू लागली. ज्यांच्या नावावर जमीन होती, त्यांना मोबदला मिळणार होता आणि ज्यांचे जगणे त्या जमिनीवर होते, त्यांना स्थलांतर करावे लागणार होते. पुण्यातील पुढाऱ्यांमध्येही मतभेद झाले. विस्थापन अटळ मानून अधिक भरपाईसाठी झगडावे, असे काहींना वाटत होते. भूमीच द्यायची नाही, या भूमिकेवर बापट मात्र ठाम राहिले. वडिलार्जित जमिनीचे मोल पैशात करता येते, हेच त्यांना मान्य नव्हते.

अहिंसेची मर्यादा बापट यांनी गांधीजींप्रमाणे स्वीकारलेली नव्हती. सर्व मार्ग खुंटल्यावर १९२४ च्या अखेरीस त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह सशस्त्र जाऊन धरणाच्या कामावरील रेल्वेगाडी अडवली. या घटनेत काही कामगार जखमी झाले. बापट पळून गेले नाहीत. त्यांनी कृत्याची जबाबदारी स्वीकारून स्वतःला अटक करवून घेतली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. या कृतीचे समर्थन त्या काळीही अनेकांना करता आले नाही आणि तिच्याबरोबरच सत्याग्रहाचा शेवट झाला. धरण पूर्ण झाले, १९२७ मध्ये भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली. बापट १९३१ मध्ये तुरुंगातून बाहेर आले, तेव्हा मुळशीच्या गावांवर जलाशय पसरलेला होता.

त्यानंतरही त्यांचे सार्वजनिक जीवन थांबले नाही. सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम, हैदराबादचा सत्याग्रह, गोवा मुक्तीचा लढा आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ यांत ते अग्रभागी राहिले. योगी अरविंदांच्या ग्रंथांचे मराठी अनुवादही त्यांनी केले. महाराष्ट्र-म्हैसूर सीमाप्रश्नासाठी त्यांनी १९६६ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षात उपोषण केले; त्याच वर्षी केंद्राने महाजन आयोग नेमला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबई आणि पुणे येथील दोन मोठे रस्ते आज त्यांच्या नावाने ओळखले जातात. १९७७ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मुळशी सत्याग्रहाचे सविस्तर संशोधन करणारे राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याची गणना जगातील पहिल्या धरणविरोधी चळवळीत केली आहे. विस्थापितांचे पुनर्वसन हा त्यांचा हक्क आहे, हे तत्त्व कायद्यात येण्यास महाराष्ट्रात १९७६ साल उजाडले. ज्या कायद्याने मुळशी घेतली, तो १८९४ चा कायदा २०१३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला. जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला, तर संयुक्त राष्ट्रांनी २००७ च्या जाहीरनाम्यात मूळ रहिवाशांना त्यांच्या संमतीविना भूमीवरून हटवू नये, असे तत्त्व नमूद केले.

तरीही कागदावरचे नाव आणि पिढ्यांची वहिवाट यांतील अंतर मिटलेले नाही. वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्या कुटुंबांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला स्थगिती दिली, तेव्हा देशभरातील लाखो आदिवासी कुटुंबांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. कसणाऱ्याचा हक्क कोणत्या पुराव्याने मानायचा, याची झळ मुळशीच्या कुळांनी शंभर वर्षांपूर्वी सोसली. त्यांच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल बापट यांनी सात वर्षांची सजा भोगली आणि मावळ्यांनी दिलेले ‘सेनापती’ हे नाव अखेरपर्यंत मिरवले.