आगकाड्यांना चालायला लावणारे दादासाहेब

सारोळे (ता. भोर) : पुणे-सातारा रस्त्यावर नीरा नदीचा पूल ओलांडला, की पुणे जिल्हा संपतो. अलीकडे सारोळे, पलीकडे शिरवळ. नदीकाठच्या या गावांनी रामायण-महाभारत पिढ्यान् पिढ्या कानांनी ऐकले. कीर्तनकाराने हनुमंताचे उड्डाण वर्णावे आणि श्रोत्यांनी ते मनातल्या मनात पाहावे, ही रीत. आज त्याच घरांतली लहान मुले मोबाइलवर बालहनुमानाचे आणि कृष्णाचे कार्टून पाहिल्याशिवाय घास घेत नाहीत. ऐकलेली कथा डोळ्यांसमोर हलती-चालती करण्याच्या वेडापायी ज्यांनी घरातले सारे पणाला लावले, त्या धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेबांचे नाव मात्र या मुलांच्या कानी क्वचितच पडते. पडलेच, तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील एका ओळीपुरते : भारतातील पहिला चित्रपट, राजा हरिश्चंद्र, १९१३.

ही ओळ खरी आहे. पण ती अपुरी आहे. दादासाहेबांनी हरिश्चंद्राच्या आधी एक वाटाण्याचे रोप वाढवले होते आणि हरिश्चंद्रानंतर आगकाड्यांना चालायला लावले होते. ही दोन्ही कामे बाजूला ठेवली, तर त्यांच्या पौराणिक चित्रपटांतील जादू कुठून आली, ते कळत नाही.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. पुराणे, काव्ये, स्तोत्रे यांचा घोष घरात रोजचाच. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाची नोकरी मिळाली, त्यामुळे कुटुंब मुंबईस आले. मुलाचा ओढा चित्रकलेकडे असल्याने १८८५ मध्ये त्याला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घालण्यात आले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण, ठसे बनवणे, छपाईच्या प्रक्रिया अशा नाना विद्या त्यांनी हस्तगत केल्या. हातचलाखीचे जादूचे प्रयोगही शिकले. ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने करीत. फाळके हे आडनाव उलटे केले, की केळफा! हा मिस्कीलपणा त्यांच्यात अखेरपर्यंत होता.

संसाराने मात्र लवकरच चटके दिले. गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू असताना प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि अपत्य दगावले. पुढे दुसरा विवाह झाला. पुरातत्त्व खात्यातील नोकरी स्वदेशीच्या लाटेत सोडली. लोणावळ्यास राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केले, स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी जर्मनीची वारी केली. अखेर भागीदारांशी न पटल्याने त्या धंद्यातूनही ते बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, हाती काम नाही, घरात मुले लहान.

अशा दिवसांत, १९११ मध्ये, गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना तेथे राम आणि कृष्ण दिसत होते. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन पुन्हा गेले. हे तंत्र आपल्याकडे का होऊ नये, या एकाच विचाराने त्यांना झपाटले. मिळेल ते चित्रपट पाहणे, मिळेल ती पुस्तके वाचणे, रात्री उशिरापर्यंत प्रयोग करणे असा क्रम सुरू झाला. झोप उडाली आणि डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला पोहोचले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांनी पाहिला आणि विल्यमसन कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र व कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून ते परतले.

यंत्रे आली; पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? सावकाराला पटवण्यासाठी भाषण उपयोगाचे नव्हते. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपत राहिले. महिनाभराहून अधिक काळ हा उद्योग चालला. पडद्यावर पाहिले तेव्हा मातीतून कोंब बाहेर आला, वळला, पाने फुटली आणि वेल डोलू लागला. तेही मिनिटभराच्या अवधीत. ‘अंकुराची वाढ’ हे या चित्रफितीचे नाव. ती पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे देऊ केले. भारतीय चित्रपटाचे पहिले भांडवल अशा रीतीने एका वाटाण्याने उभे केले.

या फितीमागचे सूत्र समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या एक फूट फिल्मवर सोळा चित्रे मावत आणि साधारण तितकीच चित्रे दर सेकंदाला पडद्यावरून सरकत. म्हणजे मिनिटभराचा देखावा हवा असेल, तर जवळजवळ हजार चित्रे. कॅमेऱ्याचा दांडा सलग फिरवण्याऐवजी एक चित्र घेऊन थांबायचे, समोरची वस्तू केसभर सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे. निर्जीव वस्तू चालू लागते ती अशी. आज संगणकावर होणाऱ्या सचेतपटाचे मूळही हेच. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास काचेवर रंगवलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशात हलवून ‘शांबरिक खरोलिके’तून कथा दाखवल्या होत्या, हेही येथे नोंदवले पाहिजे. चित्राला हलवण्याची ओढ या मातीत फाळक्यांच्या आधीपासून होती.

‘राजा हरिश्चंद्र’ची कहाणी पुष्कळांना ठाऊक आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. वांगणीजवळ चित्रीकरण चालू असताना भाले-तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि सारी मंडळी फौजदारापुढे उभी राहिली, असा प्रसंग सांगितला जातो. त्यात गावकऱ्यांचे काही चुकले असे वाटत नाही. त्या काळी नीरेच्या काठावर असा मेळा उतरला असता, तर आमच्या पाटलांनीही तेच केले असते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट प्रदर्शित झाला.

या सगळ्यात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा चित्रपटाच्या इतिहासाने फार उशिरा मान्य केला. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत. चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहत आणि रात्री मुले निजल्यावर अंधारात चाचपडत फिल्मला भोके पाडत. अंगावरचे दागिने तर केव्हाच गेले होते. वाटाण्याचे रोप दादासाहेबांनी वाढवले, हे खरे. पण त्याला पाणी कोणी घातले असेल, असा प्रश्न प्रस्तुत लेखकाला नेहमी पडतो.

कंपनी नाशिकला हलली. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सावित्री सत्यवान’ आले. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन दादासाहेब पुन्हा लंडनला गेले, तेथे कौतुक झाले. पण त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि भांडवल आटले. मोठा चित्रपट काढणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी छोट्या फिती काढल्या. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडेपेटीतील काड्यांना त्यांनी नाचवले. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये आगकाड्यांवर अशी फीत काढली होती. नाशिकमध्ये ते काम एक माणूस जवळजवळ एकट्याने करीत होता. ‘विचित्र शिल्प’, ‘लक्ष्मीचा गालिचा’ आणि खुद्द प्रोफेसर केळफा यांच्या जादूची फीतही त्याच सुमाराची.

अनेक अभ्यासक या फितींकडे अडचणीच्या काळातील किरकोळ उद्योग म्हणून पाहतात. आम्हास ते पटत नाही. काड्यांवर बसलेला हात पुढे पुराणांवर चालला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये हनुमंत आकाशात उडाला, त्याचे शेपूट पेटले, लंका जळाली. साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये भयभीत कंसाला आपलेच शिर धडावेगळे होऊन वर जाताना दिसते. ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण डोहात झेप घेतो आणि नागाच्या फण्यावर उभा राहतो. कीर्तनात हे प्रसंग लोकांनी शेकडो वेळा ऐकले होते. ते घडताना पाहिले, तेव्हा प्रेक्षागृहात लोक हात जोडत. या भक्तीने गल्ला भरला, हे खरेच. पण देव खरा वाटावा यासाठी चित्रामागून चित्र जुळवण्याची जी चिकाटी लागते, ती वाटाण्यापुढे आणि काडेपेटीपुढे बसून कमावलेली होती.

‘कालियामर्दन’ची सुरुवात पाहण्याजोगी आहे. कृष्ण होणारी दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी आधी स्वतः म्हणून पडद्यावर येते. चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते आणि मग पाहता पाहता तिच्या जागी कृष्ण उभा राहतो. ही आमची मुलगी आणि हा तुमचा देव, असे बाप उघडपणे सांगतो आणि तरीही पुढे प्रेक्षक देवच पाहतात. एवढा आत्मविश्वास एखाद्या जादूगारालाच शोभतो.

पुढची वाट उताराची होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी खटके उडाले. दादासाहेब सारे सोडून काशीस गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि परतून पुन्हा त्याच कंपनीत काम करू लागले. तोवर प्रेक्षकांची आवड बदलत होती. १९३१ मध्ये बोलपट अवतरला आणि त्यांचा ‘सेतुबंधन’ मूक असल्याने मागे पडला. त्याला नंतर आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. साठीच्या पुढे गेलेला हा माणूस तेव्हाही पडद्यावर स्वर्गातून गंगा उतरवण्याच्या खटपटीत होता. तो त्यांचा अखेरचा चित्रपट.

दरम्यान, त्यांनी सोडलेला धागा इतरांनी उचलला. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगपट काढला. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाने १९५७ मध्ये जातककथेवरून ‘द बनियन डिअर’ हा रंगीत सचेतपट केला आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची रेषा पडद्यावर हलू लागली. जुने वाङ्मय चित्रांतून जिवंत करण्याचे जे काम फाळके आगकाड्या आणि माणसांकडून करून घेत, ते आता रेषेकडून होऊ लागले. दादासाहेबांनी हे पाहिले नाही.

अखेरची वर्षे नाशकात तंगीत गेली. १९३९ च्या रौप्यमहोत्सवात सत्कार झाला, थैली मिळाली. युद्धकाळात चित्रपट काढण्यास परवाना लागे. वृद्ध दादासाहेबांनी तो मागितला. नकाराचे पत्र आले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले, असे सांगितले जाते. त्यांच्या नावाचा पुरस्कार केंद्र सरकारने सुरू केला तो १९६९ मध्ये.

दादासाहेबांच्या साऱ्या कामातून आज हाती आहे ते थोडे. ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग, ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्ण जन्म’चे तुकडे, ‘हरिश्चंद्र’ची काही रिळे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी जिद्दीने गोळा करून ती जपली. ‘आगकाड्यांची मौज’ त्यांत नाही. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणाऱ्या १९१७ च्या फितीचा काही भाग मात्र वाचला आहे. त्यात दादासाहेब स्वतः दिसतात. नटांना तालीम देतात, मग फिल्मची पट्टी हातात धरून एकेक चित्र निरखत राहतात.