महदाइसांचा अधिकार

महदाइसा, पूर्वनाम रूपाइसा, या श्रीनागदेवाचार्यांच्या चुलतभगिनी. यादवकालीन ब्राह्मणकुळात जन्म आणि बालपणीच वैधव्य. हे वैधव्य त्यांनी मागून घेतलेले नव्हते. तथापि त्याचा बोल त्यांच्याच माथी होता, कारण पूर्वकर्माचे फळ म्हणून लोक विधवेकडे अपराधिनी या दृष्टीने पाहत. कर्मफळ खरे मानले, तरी दंड देण्याचा अधिकार गावाला कोणी दिला, हे मात्र कोणी पुसत नसे.

प्रथम त्या दादोसांच्या अनुयायी होत्या. त्यांच्याच द्वारे त्यांना सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे सन्निधान लाभले आणि त्या अनुसरल्या. वैधव्य दैवाने आले होते, अनुसरण त्यांनी स्वतः स्वीकारले. घर सोडणाऱ्या स्त्रीला लोक याचाही दोष लावीतच.

जे स्वाधीन नाही त्याचा दोष लावू नये, हा न्याय ठीक आहे. स्त्रीचा विटाळ हा देहाचा स्वाभाविक स्राव आहे, असे निरूपण करून स्वामींनी तो दोष मुळातच नाहीसा केला. परंतु केवळ अगतिकतेवरच संरक्षण उभारले, तर विचारपूर्वक मार्ग निवडणाऱ्याला आधार कोणता? १९५० साली अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात जात, लिंग व जन्मस्थान यांच्यासमवेत धर्मही आहे, आणि धर्म तर मनुष्य स्वेच्छेनेही स्वीकारतो. ब्रह्मविद्येत अधिकार जीवाला आहे. स्त्रीचा जीव वेगळा आणि पुरुषाचा वेगळा, असे स्वामींनी मानले नाही.

ऋद्धिपुरी शके १२०८ च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली. भक्तजनांनी सोहळा मांडला. वराची गीते कोणी गावी? जिने मंगलकार्यात पुढेही येऊ नये, अशी लोकरूढी होती, त्या महदाइसांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचे धवळे रचून गाइले. कोणी त्यांची कीव करून त्यांना तेथे उभे केले नव्हते. शब्दसामर्थ्य त्यांचे होते, सेवा त्यांची होती. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आज त्यांचे नाव घेतात ते या धवळ्यांमुळे.

प्रश्न विचारण्याचा त्यांचा स्वभाव आचार्यांच्या काळातही टिकला, आणि त्या चर्चक म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे संस्कृतातून रचना करू पाहणाऱ्या केशिराजबासांना आचार्यांनी रोखले, ते आपल्या म्हाताऱ्या भक्तस्त्रिया ज्ञानाला मुकतील म्हणून; आणि त्यांनी मराठीच चालविली.