फ्लेमिंग आणि जीवाणूंची भिंत

पेनिसिलिनचा शोध कुणी लावला याचे उत्तर तुम्हा सर्वांना पाठ असते. परंतु अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा त्याआधीचा शोध फारसा कुणाला माहीत नसतो. आम्हाला तोही तितकाच मोलाचा वाटतो.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. सातव्या वर्षी पितृछत्र हरपले. पुढे लंडनला चार वर्षे जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठे १९०१ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमा सडून मरणारे सैनिक पाहिले. त्या वेळची जंतुनाशके खोल जखमेतील जंतूंपेक्षा शरीराच्या रक्षक पेशींनाच अधिक मारीत. जंतू मरेल पण रोगी वाचेल, असे काही हवे होते.

१९२१ मध्ये सर्दी झालेली असताना त्यांनी आपल्याच नाकातला शेंबूड जीवाणूंच्या बशीत टाकला. (हसू नका!) आसपासचे जीवाणू चक्क विरघळले. तेच द्रव्य अश्रूंत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातही सापडले. अश्रूंसाठी सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळले जाई! हे लायसोझाइम, पण घातक रोगजंतूंवर त्याचा जोर चालेना. मग १९२८ मध्ये एका बशीत बुरशी उगवली आणि पेनिसिलिन मिळाले. त्याचे औषध केले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी व चेन यांनी. १९४५ चे नोबेल तिघांना मिळून मिळाले.

जीवाणू स्वतःभोवती साखर व अमिनो आम्लांची जाळीदार भिंत विणतो. तिचे सुटे घटक पेशीच्या आत तयार होतात, मग बाहेर नेऊन साखळीत ओवले जातात आणि शेवटी शेजारच्या साखळ्या एकमेकींना टाके घालून जोडल्या जातात. लायसोझाइम तयार साखळ्या कापते. पेनिसिलिन शेवटचा टाकाच पडू देत नाही. वाढता जीवाणू आतल्या दाबाने फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसतेच, म्हणून त्या वाचतात.

अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतील, हा इशारा फ्लेमिंग यांनी नोबेलच्या भाषणातच दिला होता. एका मुलाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी, ही आमची विनंती.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग वारले. पेनिसिलिन कोणता टाका अडवते आणि लायसोझाइमची रचना कशी आहे, या दोन्ही गोष्टी १९६५ मध्ये उलगडल्या.