विष्णुपंत दामले

विष्णुपंत गोविंद दामले (१४ ऑक्टोबर १८९२, पेण – ५ जुलै १९४५, पुणे) हे मराठी चित्रपट दिग्दर्शक, ध्वनिमुद्रक, तंत्रज्ञ आणि प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. शेख फत्तेलाल यांच्यासोबत त्यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' (१९३६) हा चित्रपट भारतीय संतपटांमध्ये मानदंड समजला जातो. आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याने वेढलेल्या देहू व आळंदी या दोन तीर्थक्षेत्रांच्या संतांवर त्यांनी एकेक चित्रपट निर्माण केला. त्यांच्या समकालीनांपैकी व्ही. शांताराम यांचे नाव देशभर झाले. दामले मात्र पडद्यामागे राहिले आणि त्यांच्या कामाची दखल प्रामुख्याने त्यांच्या मृत्यूनंतर घेतली गेली.

सुरुवातीचे जीवन

दामले यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण येथे झाला. चित्रकलेच्या आणि यंत्रांच्या ओढीने ते कोल्हापुरात आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या सहवासात आले. नाटकांचे पडदे रंगवणारे हे बंधू त्या वेळी चलत्चित्रणाचा कॅमेरा स्वतः तयार करण्याच्या खटपटीत होते. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर बाबूरावांनी हे काम पुढे नेले आणि त्यात दामले यांनी त्यांना साथ दिली. परदेशी यंत्र विकत घेण्याऐवजी मिळेल त्या सुट्या भागांतून यंत्र उभे करण्याचा हा अनुभव दामले यांचे खरे शिक्षण ठरला.

बाबूराव पेंटर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले यांनी छायाचित्रण, फिल्म धुण्याचे काम आणि नेपथ्य अशी विविध कामे केली. 'सैरंध्री' (१९२०) हा या कंपनीचा पहिला गाजलेला मूकपट होय. येथेच त्यांची कागलच्या शेख फत्तेलाल यांच्याशी मैत्री जुळली. दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला पहिला मूकपट म्हणजे 'महारथी कर्ण' (१९२८). पुढे 'दामले-फत्तेलाल' हे जोडनाव रूढ झाले. सहकाऱ्यांमध्ये ते 'दामलेमामा' आणि 'साहेबमामा' म्हणून ओळखले जात.

प्रभात फिल्म कंपनी

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. आरंभीच्या मूकपटांनंतर बोलपटांचे युग सुरू झाले, तेव्हा कंपनीपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. ध्वनिमुद्रणाचे तंत्र भारतात नवे होते व त्याचे रीतसर शिक्षण देणारी संस्था नव्हती. ही जबाबदारी दामले यांनी अंगावर घेतली. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या प्रभातच्या पहिल्या बोलपटापासून ध्वनिविभाग त्यांच्याकडे होता. प्रभातच्या चित्रपटांतील संवाद आणि गाण्यांच्या स्पष्टतेमागे त्यांचे हे परिश्रम होते.

१९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. तेथे उभारलेल्या स्टुडिओत चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, फिल्म धुणे आणि संकलन या सर्व सोयी एकाच आवारात होत्या.

संत तुकाराम

'संत तुकाराम' १९३६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि तेथे तो सलग ५७ आठवडे चालला. पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे आणि पदे शांताराम आठवले यांची होती. तुकारामांच्या अभंगांबरोबरच आठवले यांनी त्याच घाटात लिहिलेले एक पद चित्रपटात आहे. ते इतके एकरूप झाले की अनेकांनी ते तुकारामांचेच मानले.

मुख्य भूमिका पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीस यांनी साकारली. तुकारामांच्या पत्नीची भूमिका प्रभातमधील किरकोळ भूमिकांतून पुढे आलेल्या गौरी यांनी केली. चित्रपटात चमत्कार आहेत आणि ते दामले यांच्या तंत्रकौशल्यावर उभे आहेत. मात्र चमत्कारांइतकीच जागा घरातील उपासमार, आजारी मूल आणि म्हशीची निगा यांना मिळाली आहे. विठोबाला खडे बोल सुनावणारी आवली हा भक्तीला संसाराकडून विचारलेला प्रश्न आहे आणि चित्रपट तिची थट्टा करीत नाही. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातात. आवली मुलांसह मागे राहते. भक्ती आणि भाकरी या दोहोंना सारखाच मान देणारी ही मांडणी समीक्षकांनी या चित्रपटाचे वैशिष्ट्य मानली आहे.

१९३७ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला व तेथे त्याची गौरवाने नोंद झाली. आंतरराष्ट्रीय महोत्सवात मान मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांत त्याची गणना होते.

पुढील चित्रपट

'गोपाळकृष्ण' (१९३८) मध्ये बालकृष्णाची भूमिका पुढे गायक व नट म्हणून प्रसिद्ध झालेल्या राम मराठे यांनी केली. गोकुळातील दूधदुभते मथुरेच्या सत्तेकडे जाण्याला होणारा विरोध या कथेत आहे, त्यामुळे त्या काळातील राजकीय परिस्थितीचा संदर्भ तिला लावला जातो. 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये शाहू मोडक यांनी शीर्षक भूमिका केली. हा चित्रपट मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत निघाला. 'संत सखू' (१९४१) च्या दिग्दर्शनात दामले आणि फत्तेलाल यांच्यासोबत राजा नेने होते.

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. भागीदारांतील मतभेद आणि बदलती बाजारपेठ यांमुळे कंपनीचा उतरता काळ सुरू झाला. त्यातच ५ जुलै १९४५ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, दामले यांचे पुण्यात निधन झाले.

वारसा

प्रभात बंद पडल्यानंतर तिच्या आवारात १९६० मध्ये भारत सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. तीच आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था होय. ज्या जागी दामले यांनी ध्वनिमुद्रणाचे तंत्र स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले, तेथे आता त्याचे रीतसर शिक्षण दिले जाते. त्यांच्या जीवनावरील 'विष्णुपंत दामले: बोलपटांचा मूक नायक' या माहितीपटाला ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चरित्रपटाच्या गटातील पुरस्कार मिळाला.

इंद्रायणीकाठच्या देहू आणि आळंदीभोवती आज कारखाने व निवासी वसाहती पसरल्या आहेत. 'संत तुकाराम' मध्ये फत्तेलाल यांच्या नेपथ्यातून आणि दामले यांच्या तंत्रातून जे देहू पडद्यावर उभे राहिले, ते या औद्योगिकीकरणाच्या कितीतरी आधीचे आहे. अनेक पिढ्यांच्या मनातील तुकारामांची प्रतिमा याच चित्रपटाने घडवली.

दिग्दर्शित चित्रपट (निवडक)

महारथी कर्ण (१९२८, मूकपट)
संत तुकाराम (१९३६)
गोपाळकृष्ण (१९३८)
संत ज्ञानेश्वर (१९४०)
संत सखू (१९४१)