आघाताची परीक्षा घेणारा वैद्य : कर्नल जॉन पॉल स्टॅप

धांवती मोटार एकाएकीं थांबली तरी आंत बसलेला मनुष्य थांबत नाहीं. मोटारीचा वेग त्याच्या अंगीं तसाच राहतो आणि समोर जें कांहीं येईल त्यावर तो जाऊन आदळतो. हा नियम आपण वर्गांत न्यूटनच्या नांवानें पाठ करतों. परंतु मनुष्याचा देह असा किती धक्का सोसूं शकतो, आणि तो आदळूंच नये म्हणून काय करावें, हे प्रश्न कोणी स्वतःच्या देहावर सोडविले असतील ही कल्पना आपणांस सहसा येत नाहीं. ज्या वैद्यानें तें केलें त्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

जॉन पॉल स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजीं ब्राझील देशांतील बाहिया येथें झाला. त्यांचे आईबाप अमेरिकेहून तेथें गेलेले बाप्टिस्ट मिशनरी होते. चार भावांत हे वडील. पहिले धडे आईनेंच घरीं दिले. पुढें त्यांस टेक्सास संस्थानांतील शाळेंत धाडण्यांत आलें आणि तेथून ते बेलर विद्यापीठांत दाखल झाले. १९२८ च्या नाताळांत आप्तांच्या घरीं एक तान्हें मूल रांगत रांगत शेकोटींत गेलें व अतिशय भाजलें. अठरा वर्षांच्या स्टॅपनीं दोन-तीन दिवस त्याची शुश्रूषा केली, पण मूल वांचलें नाहीं. आपण वैद्य व्हावयाचें हा निश्चय त्यांनीं तेव्हांच केला. निश्चय झाला, तरी हातीं पैसा नव्हता. कॉलेजांत अध्यापन करीत, शिल्लक टाकीत, एकामागून एक पदव्या मिळवीत त्यांनीं वाट काढली. १९४० मध्यें टेक्सास विद्यापीठानें त्यांस जीवभौतिकशास्त्रांतील डॉक्टरेट दिली. त्यानंतर मिनेसोटा विद्यापीठांतून ते वैद्य झाले, आणि १९४४ मध्यें अमेरिकन सैन्याच्या विमानदलांत शिरले.

त्या काळीं वैमानिकाची बैठक व तिचे पट्टे एका ठराविक हिशेबानें बांधीत. गुरुत्वाकर्षणाच्या १८ पटींहून अधिक धक्का बसला तर मनुष्य जगतच नाहीं, असें गृहीत होतें. १८ पट म्हणजे ज्याचें वजन ६० किलो त्याच्या अंगावर क्षणभर १,०८० किलोंचा भार. मनुष्य मरणारच असेल तर बैठक त्याहून बळकट कशाला करावी, असा हा सरळ दिसणारा तर्क होता. परंतु भयंकर अपघातांतून कांहीं वैमानिक चालत बाहेर येत. ह्यू डीहेवन नांवाच्या संशोधकानें तर १९४२ मध्येंच उंचावरून पडूनहि जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. स्टॅप यांस शंका आली कीं माणूस धक्क्यानें मरण्याआधीं बैठक मोडते, पट्टा तुटतो, आणि दोष मात्र मानवी देहाच्या दुर्बलतेस लागतो.

१९४७ मध्यें कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतील म्यूरॉक येथें प्रयोगास आरंभ झाला. सुमारे २,००० फूट लांबीचे रूळ, त्यांवर धांवणारी रॉकेटगाडी, आणि शेवटीं तिला गच्च पकडणारे ब्रेक, एवढें साहित्य. प्रथम माणसाएवढा बाहुला बसविला. एका प्रयोगांत पट्टा पुरेसा न पडल्यामुळें गाडी थांबली आणि बाहुला पुढची लाकडी फळी फोडून शेंकडों फूट दूर जाऊन पडला. आपल्याकडे मागच्या आसनावर बसणारे पुष्कळ जण पट्टा हा पुढच्यांसाठींच असतो असें समजतात; त्यांनीं हा बाहुला क्षणभर डोळ्यांपुढें आणावा.

डिसेंबर १९४७ मध्यें बाहुल्याच्या जागीं स्टॅप स्वतः बसले. प्रथम पाठ गतीच्या दिशेस, पुढें तोंड गतीच्या दिशेस. प्रत्येक वेळीं धक्का थोडा वाढवावयाचा आणि शरीरावरील परिणाम टिपून ठेवावयाचा. १९४८ च्या ऑगस्टपर्यंत असे सोळा प्रवास झाले आणि १८ पटींचा आंकडा केव्हांच मागें पडला. या प्रयोगांत त्यांच्या बरगड्या मोडल्या, मनगट दोनदां मोडलें, दांतांतील भरलेलें सिमेंट निखळून पडलें. मानवी देह समजला जात होता त्यापेक्षां पुष्कळ कणखर आहे. तो नीट बांधलेला मात्र असला पाहिजे, आणि पाठीमागें तोंड करून बसणें हें सर्वांत सुरक्षित, असें अनुमान यांतून निघालें. दिवसा हे प्रयोग चालत आणि संध्याकाळीं हाच गृहस्थ तळावरील लोकांच्या बायकामुलांस औषधपाणी करीत असे.

१९४९ मध्यें कॅप्टन मर्फी नांवाच्या इंजिनिअरानें धक्का मोजणारीं उपकरणें आणलीं. तीं उलट जोडलीं गेल्यामुळें एका प्रवासाचें कांहींच मापन मिळालें नाहीं. चूक होण्यास जागा असेल तर ती केव्हांतरी होणारच, हा मर्फीच्या नांवानें प्रसिद्ध झालेला नियम याच प्रसंगांतून जन्मला. थट्टेचा म्हणून तो पसरला. स्टॅप यांच्या मंडळींत मात्र तो सावधगिरीचा नियम होता.

जनावरांवरहि प्रयोग झाले. भूल दिलेलीं डुकरें व चिंपांझी गाडींत बांधण्यांत आलीं, आणि त्यांतील कांहीं मेलीं. हें सांगतांना सुख वाटत नाहीं, पण लपविणेंहि योग्य नव्हे.

सर्वांत मोठा प्रयोग १० डिसेंबर १९५४ रोजीं न्यू मेक्सिको संस्थानांतील हॉलोमन तळावर झाला. गाडीचें नांव सॉनिक विंड क्रमांक एक. तिला नऊ रॉकेटें जोडलीं होतीं. डोळ्यांवर ताण येऊन दृष्टि जाईल अशी भीति स्टॅप यांस आधींपासून होती, आणि तशी वेळ आलीच तर परावलंबी होऊं नये म्हणून अंधारांत कपडे चढविण्याउतरविण्याचा सराव त्यांनीं करून ठेवला होता. रॉकेटें पेटलीं. पांच सेकंदांत गाडीनें ताशीं ६३२ मैल, म्हणजे १,०१७ किलोमीटर, वेग गांठला. छायाचित्रें घेण्यासाठीं वरून उडत असलेलें जेट विमान मागें राहिलें. मग रुळांमधील पाण्यांत गाडीचे पन्हळ बुडाले आणि दीड सेकंदाच्या आंत सर्व कांहीं थांबलें. धक्का ४६ पटींहून अधिक होता. डोळे रक्तानें भरले, त्यांस कांहीं दिसेना. कांहीं वेळानें आकाशाचा निळा रंग जाणवूं लागला आणि हळूहळू दृष्टि परत आली. हा त्यांचा २९ वा आणि शेवटचा रॉकेटप्रवास. वर्तमानपत्रांनीं त्यांस जगांतील सर्वांत वेगवान मनुष्य म्हणून डोक्यावर घेतलें.

माझ्या मतें त्यांचें खरें मोठेपण यापुढें दिसतें. विमानदलाचे आंकडे चाळतांना त्यांस आढळलें कीं दलाचीं जितकीं माणसें विमानांच्या अपघातांत मरतात, जवळजवळ तितकींच सुटीच्या दिवशीं मोटारींत मरतात. विमानांतील मृत्यूंसाठीं रॉकेटें, रूळ, शास्त्रज्ञ. मोटारींतील मृत्यूंसाठीं कांहींच नाहीं. स्टॅपनीं जुन्या मोटारी मिळविल्या, त्यांत बाहुले बसविले आणि त्या अडसरावर आदळवूं लागले. हें विमानदलाचें काम नव्हे असा आक्षेप वरिष्ठांनीं घेतला. यांनीं मृतांचे आंकडे पुढें केले. १९५५ च्या मे महिन्यांत त्यांनीं मोटारींशीं व वैद्यकाशीं संबंध असलेल्या २६ जणांस हॉलोमन येथें बोलावून हे प्रयोग दाखविले. तीच परिषद पुढें दरवर्षीं भरूं लागली व आजहि त्यांच्याच नांवानें भरते.

मोटार-कारखानदारांस ही गोष्ट गोड वाटली नाहीं. अपघाताचें नांव काढलें कीं गिऱ्हाईक बिचकतें, अशी त्यांची समजूत होती. तरी १९५९ मध्यें स्वीडनच्या व्होल्व्हो कारखान्यांत नील्स बोहलिन यांनीं कंबर व छाती दोन्ही धरणारा, एका हातानें लावतां येणारा पट्टा तयार केला. हे बोहलिनहि मूळचे विमानांच्या आसनांचेंच काम करणारे. अमेरिकेंत ९ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं मोटारसुरक्षेच्या कायद्यावर सही केली तेव्हां स्टॅप तेथें हजर होते. १९६८ पासून तेथील नव्या मोटारींत पट्टे असणें बंधनकारक झालें. पट्टा बसविणें कायद्याच्या हातीं होतें. तो लावणें बसणाऱ्याच्या हातीं राहिलें, आणि तें लोकांच्या अंगवळणी पडण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं.

स्टॅप १९७० मध्यें कर्नलच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. १९९१ मध्यें त्यांस तंत्रविद्येचें राष्ट्रीय पदक मिळालें. १३ नोव्हेंबर १९९९ रोजीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, हॉलोमन तळाजवळच्याच ॲलामोगोर्डो गांवीं त्यांचें देहावसान झालें. त्या गांवच्या अंतराळ-संग्रहालयाच्या आवारांत सॉनिक विंड ही गाडी जपून ठेविलेली आहे.